निकालाआधी हजेरीपट वाच

अगं, शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झाली म्हणून आधी तुझं मनापासून कौतुक. आपल्या घरातल्या बायका आजवर शाळेच्या फाटकापर्यंतच गेल्या, पोरांना सोडायला आणि आणायला. आत बसून शाळेचा कारभार विचारणारी तू पहिली. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत ७५ टक्के सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे तू तिथे कुणाच्या मेहेरबानीनं बसलेली नाहीस. तेवढं मनाशी पक्कं कर, म्हणजे बोलताना आवाज कापणार नाही.

आता तू फोनवर सांगितलंस त्याबद्दल बोलू. पहिल्याच बैठकीत सहावी-सातवीचा निकाल निघाला, शेजारच्या शाळेपेक्षा आपला कमी दिसला आणि कुणीतरी बोलून गेलं, "कोयत्याची पोरं येतात, वीटभट्टीची येतात, निकाल लागणार कसा?" सगळ्यांनी माना हलवल्या. तुला ते लागलं, पण काय बोलावं ते सुचलं नाही. बाळा, मी इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत सहावी-सातवीला गणित शिकवत आले आहे. हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे आणि दर वेळी माझा जीव तुटला आहे. म्हणून आज तुला सगळं सविस्तर सांगते. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की निकाल हातात घेण्याआधी हजेरीपट हातात घे. वर्गात कोण बसतं, किती दिवस बसतं, कोण आलं आणि कोण गेलं, हे कळल्याशिवाय टक्क्याच्या आकड्याला काही अर्थ नाही.

आधी आपला राहुरी तालुका डोळ्यांपुढे आण. बारागाव नांदूरला मुळा धरण आहे. त्याच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला, उसाभोवती कारखाने आले. राहुरी फॅक्टरी हे तर गावाचंच नाव होऊन बसलं. पलीकडे प्रवरेच्या पट्ट्यात देवळाली प्रवरा, नगर-मनमाड रस्त्यावर कृषी विद्यापीठ, आणि डोंगराकडे वांबोरीच्या बाजूला कोरडवाहू शेती. एकाच तालुक्यात बारमाही पाणी असलेलं शेत आहे आणि पावसाकडे डोळे लावून बसलेलंही आहे. दसरा-दिवाळी झाली की बीडकडून आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, बरोबर लेकरं. मार्च-एप्रिलपर्यंत फडातच मुक्काम. वीटभट्ट्यांवर आलेली कुटुंबं वेगळी, मेंढरं घेऊन फिरणारी वेगळी, आणि इथलीच भूमिहीन घरं वेगळी.

आता सकाळी चौकात उभी राहा. पिवळ्या बस येतात आणि ज्यांना फी परवडते त्यांची मुलं घेऊन जातात. पंचवीस टक्के राखीव जागांतून काही गरीब घरांतलीही खासगी शाळेत जातात. पाचवी झाली की एखादं हुशार पोर पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात जातं, आणि जायलाच हवं. चौथीनंतर काही जण माध्यमिक विद्यालयाच्या पाचवीत नाव घालतात. या सगळ्यांनंतर जी मुलं उरतात आणि मधेच जी येतात, ती आपल्या शाळेच्या सहावी-सातवी-आठवीत बसतात. सरकारी शाळा कुणाला नाही म्हणत नाही. मला विचारशील तर हीच तिची थोरवी आहे. पण निकालाच्या तक्त्यात या थोरवीला रकाना नसतो.

एक साधं गणित करून बघ. वर्गात दहा मुलं आहेत, सरासरी ६२ गुण. नव्वद-नव्वद मिळवणारी दोन मुलं नवोदयला किंवा इंग्रजी शाळेत गेली. उरलेल्या आठ जणांच्या एकाही गुणात बदल झाला नाही, तरी सरासरी ५५ वर आली. गुरुजी तेच, फळा तोच, आठही पोरं तशीच अभ्यास करणारी. तरी बैठकीत म्हणतात, शाळा सात गुणांनी घसरली. दुसरी गोष्ट, आपल्या वर्गात बारा-चौदा मुलं. बारांपैकी एक मूल आजारी पडलं तर निकाल आठ टक्क्यांनी खाली येतो. साठ मुलांच्या तुकडीत तेच एक मूल दोन टक्क्यांनाही जेमतेम भिडतं. छोट्या शाळेचा टक्का दर वर्षी वर-खाली होणारच. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर कुणालाही धारेवर धरू देऊ नकोस. निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवायला सांग.

आता दिवसांचा हिशेब. सहावी ते आठवीसाठी कायद्यानं वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं व्हायला हवं. शाळा जूनच्या मध्याला उघडते. दिवाळीनंतर फडावर आलेलं मूल आपल्याकडे दाखल झालं आणि गाळप आटोपताच परत गेलं, तर त्याला आपल्या शाळेचं अर्धंही वर्ष मिळत नाही. गावाकडच्या शाळेत पहिलं सत्र झालेलं असेल तर नशीब. त्यातही फडात पाण्याला, लहान भावंडाला सांभाळायला, वाढं गोळा करायला तेच मूल लागतं. सातवीला आकारिक मूल्यमापनाला ४० आणि संकलितला ६० टक्के वजन असतं. आकारिक म्हणजे वर्षभरातली वही, तोंडी काम, प्रकल्प, प्रयोग. जे मूल वर्षभर नव्हतंच, त्याच्या या चाळीसचं काय करायचं? ऊस तोडून चार दिवस उन्हात पडला तर उतारा घसरतो, आणि त्याचा दोष उसाला कुणी देत नाही. लेकराला मात्र आपण लगेच देतो.

म्हणून बैठकीत मुख्याध्यापकांना आदरानं विचार की दोन निकाल वेगळे काढता येतील का? जूनपासून सलग हजर असलेल्या मुलांचा एक आणि मधे आलेल्यांचा एक. मला खात्री आहे, तो तक्ता बघून अर्धी कुजबुज थांबेल. पण नीट ऐक, हे वेगळं काढायचं ते कुणाला बाजूला सारायला नाही. सलग येणाऱ्यांचाही निकाल कमी असेल तर प्रश्न शिकवण्याचा आहे, तो कोयत्याच्या पोरांच्या आड लपवता येणार नाही. आणि मधे आलेल्यांचा कमी असेल तर त्यांच्यासाठी वेगळा वेळ द्यायला हवा. दोन्हीकडून शाळेलाच काहीतरी करायचं आहे.

त्याहून मोलाचा प्रश्न पुढचा. हे मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि आता कुठे आहे? समज, सहावीत आलेल्या मुलीला जोडाक्षरं वाचता येत नव्हती आणि वर्षाअखेर ती धडा वाचून दोन ओळी आपल्या शब्दांत सांगते. तिला गणितात तीस गुण आहेत म्हणून ती कमी गुणांच्या यादीत दिसेल. माझ्या लेखी ती त्या वर्षाची सर्वांत मोठी कमाई आहे. आणि घरून सगळं शिकून आलेलं मूल पंच्याऐंशीवर आलं आणि पंच्याऐंशीवरच राहिलं, तर शाळेनं त्यात काय भर घातली ते विचारायलाच हवं. दर वर्षी जूनमध्ये एक छोटी पायाभूत चाचणी व्हावी, त्याच मुलांची मार्चमध्ये पुन्हा व्हावी, आणि दोन्ही आकडे समितीपुढे यावेत, असा आग्रह धर.

अभ्यासातली ही उणीव फक्त आपल्या पोरांची आहे असंही समजू नकोस. 'असर' नावाची पाहणी प्रथम संस्था २००५ पासून करते. तिचे कार्यकर्ते शाळेत न जाता घरोघरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणितं सोडवायला देतात. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येणारी मुलं निम्म्याहूनही कमी निघाली. त्यात सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांतली मुलं आली. पिवळ्या बसमध्ये बसलं की भागाकार आपोआप येतो असं नाही, हे तुझ्या जावेलाही सांग.

तुझ्या हाती आणखी एक साधन आहे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. तो क्रमांक घालून शाळेची माहिती मोबाइलवर कुणालाही बघता येते. कुठल्या वर्गात किती मुलं, किती मुली, शिक्षक किती, स्वच्छतागृहं आणि पाण्याची सोय काय. त्यात गुण नसतात, पण गुण का कमी आहेत याची निम्मी उत्तरं तिथे असतात. शिक्षकांचा रकाना आधी बघ. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, आणि विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्र यांना निदान एकेक शिक्षक असावा, असं कायदाच म्हणतो. आपल्या शाळेत गणिताचं पद रिकामं आहे का? असेल तर किती महिन्यांपासून? पदं ठरतात पटावर, आणि पट मोजला जातो ३० सप्टेंबरचा. ऊसतोडीची मुलं येतात त्यानंतर. म्हणजे बाकं भरतात, पण पद वाढत नाही. हा मुद्दा ठरावात लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, इतिवृत्तातला ठराव राहतो.

आता जरा नाजूक गोष्ट. पटावर जातीचे, धर्माचे, अपंगत्वाचे रकाने असतात. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागास. ही माहिती सरकार मागतं ती योजना पोचवण्यासाठी आणि कोण मागे राहिलं ते दिसण्यासाठी. ती माहिती बघ, जरूर बघ. आपल्या गावातल्या भिल्ल वस्तीतली किती मुलं सहावीत आली आणि त्यांतली किती आठवीपर्यंत टिकली, हे समितीला माहीत असायला हवं. पण बैठकीत कुठल्याही मुलाचं नाव आणि जात एका वाक्यात उच्चारली जाऊ देऊ नकोस. आकडे एकत्र मांडायचे, नावं शिक्षकांपाशी ठेवायची. गावात गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांवर पोचते, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या मनावर बसलेला शब्द आयुष्यभर जात नाही.

ज्यांच्यासाठी हे रकाने आहेत, त्यांच्या हाती पुष्कळदा कागदच नसतो. भटक्या-विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत, त्यांनी तो आणायचा कुठून? अशा पालकांबरोबर तहसीलला कुणीतरी जायला हवं. समितीतल्या दोघीतिघींनी वर्षातून एक दिवस त्यासाठी दिला तरी एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती सुटेल.

कोयत्याच्या मुलांविषयी कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेव. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मूल वयानुसार योग्य त्या वर्गात बसतं आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळणं हा त्याचा हक्क आहे. गावाकडून निघताना तिथल्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. ते दाखवलं की इथली शाळा त्याचा अभ्यास पुढे चालू ठेवते. जी मुलं गावीच थांबू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. टोळी उतरली की मुकादमाला गाठा, किती लेकरं आली विचारा, त्यांना शाळेत घेऊन या. हे काम एकट्या गुरुजींवर टाकू नका. आणि आल्या दिवसापासून त्या मुलाला पोषण आहार मिळतो का तेही बघ. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ आणि ७०० कॅलरींचं जेवण ठरलेलं आहे. पहाटे पाला बांधायला उठलेलं पोर रिकाम्या पोटी भागाकार करू शकत नाही.

मुलींचं तर तुला वेगळं काय सांगू. सहावी-सातवी म्हणजे पाळी सुरू होण्याचं वय. स्वच्छतागृहाचं दार लागत नसेल, पाणी नसेल, तर महिन्यातले चार दिवस ती घरी बसते. मग तिची गैरहजेरी भरते, गणिताचा एखादा धडा सुटतो, सुटलेला धडा तसाच राहतो. आणि आठवीनंतर शाळा लांब पडली की घरात स्थळाची चर्चा सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणून सातवीच्या मुलीची हजेरी कमी व्हायला लागली की गुणपत्रिकेची वाट बघू नकोस, तिच्या घरी जा. तू बाई आहेस, तिची आई तुझ्याशी बोलेल. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्यादेवींच्या नावानंच मिळतो. चोंडीच्या त्या लेकीचं नाव आता आपल्या जिल्ह्यालाही आहे. तो पास प्रत्येक मुलीच्या दप्तरात आहे का आणि बस शाळेच्या वेळेला येते का, एवढं तरी समितीनं बघावं.

सातवीच्या गुणांवर पुढचं एक दार उघडतं, तेही सांगून ठेवते. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत निदान ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्क्यांची सूट. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, विनाअनुदानित खासगी शाळांतल्या मुलांना ती देता येत नाही. आपल्याच मुलांचा हक्क आहे हा. आणि पाचवी-आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आली आहे. मूल अनुत्तीर्ण झालं तर पुनर्परीक्षा होते, तीतही राहिलं तर त्याच वर्गात ठेवता येतं. फडावरच्या मुलाची पुनर्परीक्षा तो गावी परतल्यावर हुकू नये, यासाठी दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं. ते बोलणं समितीनं घडवून आणावं.

बैठकीत कुणी पुन्हा म्हणालं, "असल्या पोरांत निकाल लागायचा नाही," तर त्यांना आपल्या कृषी विद्यापीठाच्या कमानीवरचं महात्मा फुल्यांचं नाव वाचायला सांग. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी सरकारला सुनावलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक शेतकरी वर्गातलेही असावेत आणि अभ्यासात हिशेब, आरोग्य आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं, असंही त्यांनी मांडलं. बारावं वर्ष म्हणजे आजची सहावी-सातवी. ज्या मुलांकडे बैठकीत बोट दाखवलं गेलं, नेमकी तीच मुलं जोतिबांना शाळेत हवी होती. ती आपल्या वर्गात बसली आहेत म्हणजे शाळा आपलं काम करते आहे. आता त्यांना शिकवून दाखवायचं आहे, आणि ते काम गुरुजींचं, तुझं आणि गावाचं मिळून आहे.

पुढच्या बैठकीला जाताना वहीत चार गोष्टी लिहून ने. तीन वर्षांचा पट, कोण आलं आणि कोण गेलं त्यासकट. सलग हजर मुलांचा आणि मधे आलेल्यांचा वेगळा निकाल. जूनची आणि मार्चची चाचणी. शिक्षकांची रिकामी पदं. या चार गोष्टींवर जे ठरेल ते शाळा विकास आराखड्यात लिहून घे. हा आराखडा करण्याचा अधिकार कायद्यानं तुमच्याच समितीला दिला आहे. सही करण्याआधी इतिवृत्त वाचून घे, घाई करायला कुणी सांगितलं तरी. एखादा शब्द अडला, आकडा जुळला नाही, तर त्याच रात्री मला फोन लाव. दोघी मिळून तो तक्ता सोडवू.

तुझी ताई